सीमोर क्रे

सीमोर रॉजर क्रे (जन्म: २८ सप्टेंबर १९२५, चिपेवा फॉल्स, विस्कॉन्सिन, मृत्यू: ५ ऑक्टोबर १९९६, कॉलोराडो स्प्रिंग्ज, कॉलोराडो) हे अमेरिकन विद्युत अभियंता आणि संगणक-रचनाकार होते. त्यांना महासंगणकाचे जनक मानले जाते. सीडीसी ६६००, सीडीसी ७६००, क्रे-१ आणि क्रे-२ हे त्यांनी रचलेले संगणक आपापल्या काळात जगातील सर्वांत वेगवान संगणकांपैकी होते. आकडेमोड करणारा भाग कितीही वेगवान केला, तरी स्मृतीतून त्याला वेळेवर आकडे मिळाले नाहीत तर तो वेग वाया जातो, हे त्यांच्या सर्व कामाचे मूळ सूत्र होते. अनेक प्रोसेसर एकाच सामायिक स्मृतीवर काम करू लागले, तेव्हा हा प्रश्न अधिक बिकट झाला. क्रे यांच्या कारकिर्दीतील यश आणि अपयश या दोहोंचा संबंध याच प्रश्नाशी आहे.

सुरुवातीचे जीवन

क्रे यांचा जन्म विस्कॉन्सिन राज्यातील चिपेवा फॉल्स या लहानशा गावात झाला. त्यांचे वडील स्थापत्य अभियंता होते. मुलाची यंत्रांची आवड पाहून आईवडिलांनी घराचे तळघर त्याला प्रयोगशाळा म्हणून वापरू दिले. वयाच्या दहाव्या वर्षी त्यांनी खेळण्यातील सुटे भाग जोडून, छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरील मजकुराचे मोर्स संकेतांत रूपांतर करणारे यंत्र तयार केले होते.

१९४३ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण झाल्यावर दुसऱ्या महायुद्धात त्यांना सैन्यात दाखल व्हावे लागले. तेथे ते रेडिओ विभागात होते. आधी युरोपात आणि नंतर फिलिपाइन्समध्ये त्यांनी काम केले. फिलिपाइन्समध्ये जपानी सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामाशी त्यांचा संबंध आला. युद्धानंतर मिनेसोटा विद्यापीठातून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १९५१ मध्ये उपयोजित गणितात पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. १९४७ मध्ये व्हेरीन व्होल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला तीन अपत्ये होती.

शिक्षणानंतर ते सेंट पॉल येथील इंजिनिअरिंग रिसर्च असोसिएट्स या कंपनीत रुजू झाले. युद्धकाळात अमेरिकन नौदलासाठी संकेतभेदनाचे काम केलेल्या मंडळींनी ही कंपनी स्थापन केली होती. ईआरए ११०३ या वैज्ञानिक संगणकाच्या कामात क्रे यांचा सहभाग होता. पुढे ही कंपनी मोठ्या उद्योगसमूहात विलीन झाली. तेव्हा विल्यम नॉरिस आणि इतर काही सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी १९५७ मध्ये कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन (सीडीसी) ही कंपनी काढली. थोड्याच काळात क्रेही तेथे गेले.

कंट्रोल डेटामधील कार्य

कंट्रोल डेटामध्ये क्रे यांनी प्रथम सीडीसी १६०४ हा ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक रचला. १९६० मध्ये तो ग्राहकांच्या हाती पडला. व्यवस्थापनाच्या बैठका आणि कार्यालयीन वर्दळ यांत त्यांना रस नव्हता. म्हणून १९६२ मध्ये कंपनीने त्यांच्यासाठी त्यांच्या मूळ गावी, चिपेवा फॉल्स येथे, स्वतंत्र प्रयोगशाळा उभारली.

तेथे मोजक्या सहकाऱ्यांसह त्यांनी सीडीसी ६६०० हा संगणक तयार केला. जेम्स थॉर्नटन हे या कामातील त्यांचे प्रमुख सहकारी होते. १९६४ मध्ये बाजारात आलेला हा संगणक सेकंदाला सुमारे ३० लाख फ्लोटिंग पॉइंट क्रिया करू शकत असे. आयबीएमच्या तोवरच्या सर्वांत वेगवान संगणकापेक्षा तो सुमारे तिप्पट वेगवान होता. अवघ्या ३४ जणांच्या चमूने आपल्याला मागे कसे टाकले, असा प्रश्न आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन (धाकटे) यांनी ऑगस्ट १९६३ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना पाठवलेल्या टिपणात विचारला होता.

या संगणकाच्या मुख्य प्रोसेसरमध्ये बेरीज, गुणाकार, भागाकार इत्यादी कामांसाठी दहा स्वतंत्र विभाग होते आणि ते एकाच वेळी चालू शकत. कोणत्या विभागाला कोणत्या उत्तराची वाट पाहायची आहे, याची नोंद एक खास मंडल ठेवत असे. आकडे आत-बाहेर नेण्याची किरकोळ कामे दहा लहान परिघीय प्रोसेसरांकडे सोपवली होती. त्यामुळे मुख्य प्रोसेसरला त्यांत अडकावे लागत नसे.

वेगातील तफावतीवरही येथे उपाय केलेला होता. प्रोसेसरचा एक स्पंद १०० नॅनोसेकंदांचा होता, तर स्मृतीच्या एका फेरीला १,००० नॅनोसेकंद लागत. म्हणजेच स्मृती प्रोसेसरपेक्षा दहा पट संथ होती. म्हणून क्रे यांनी स्मृती ३२ स्वतंत्र बँकांमध्ये विभागली आणि लागोपाठचे शब्द लागोपाठच्या बँकांत ठेवले. एक बँक कामात असताना दुसरीकडून आकडा मिळत राही. बँकांमध्ये विभागलेल्या स्मृतीचा हा उपाय त्यांच्या पुढील सर्व यंत्रांत दिसतो.

१९६९ मधील सीडीसी ७६०० हा याच विचाराचा पुढचा टप्पा होता. त्यानंतर हाती घेतलेल्या सीडीसी ८६०० मध्ये एकाच पेटीत चार प्रोसेसर बसवून त्यांना सामायिक स्मृती देण्याची योजना होती. परंतु भागांची संख्या आणि त्यांतून निघणारी उष्णता इतकी वाढली, की यंत्र विश्वासार्ह रीतीने चालेना. नव्याने आरंभ करण्यासाठी लागणारा पैसा कंपनीकडे नव्हता. १९७२ मध्ये क्रे यांनी कंट्रोल डेटा सोडली.

क्रे रिसर्च आणि क्रे-१

१९७२ मध्येच त्यांनी क्रे रिसर्च ही स्वतःची कंपनी स्थापन केली. तिचा पहिला संगणक, क्रे-१, १९७६ मध्ये लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत चाचणीसाठी बसवण्यात आला. पहिल्या यंत्रात स्मृतीतील चुका आपोआप दुरुस्त करण्याची सोय नव्हती. तेथील अनुभवानंतर पुढील यंत्रांत ती करण्यात आली. १९७७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वातावरणीय संशोधन केंद्राने क्रे-१ विकत घेतला. त्याची किंमत सुमारे ८८ लाख ६० हजार डॉलर होती. पुढे या मालिकेतील ऐंशीहून अधिक संगणक विकले गेले.

क्रे-१ हा व्हेक्टर पद्धतीचा संगणक होता. एकच आज्ञा आकड्यांच्या संपूर्ण रांगेवर लागू करणे, हे या पद्धतीचे तत्त्व आहे. कंट्रोल डेटाच्या स्टार-१०० या संगणकातही हेच तत्त्व वापरले होते. परंतु तो प्रत्येक रांग थेट स्मृतीतून वाचून उत्तर पुन्हा स्मृतीत ठेवत असे. त्यामुळे लहान रांगांवर त्याचा वेळ वाया जाई आणि सुट्या आकड्यांची कामे तर तो फारच संथ करी. क्रे यांनी प्रोसेसरजवळच प्रत्येकी ६४ आकडे मावतील अशी आठ व्हेक्टर रजिस्टरे ठेवली. एकदा आणलेले आकडे पुन्हा पुन्हा वापरता येत असल्याने स्मृतीकडे जाण्याच्या खेपा कमी झाल्या. सुटी आकडेमोडही त्यांनी वेगवान ठेवली. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व संगणक-रचनाकार जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या नियमातून स्पष्ट होते. प्रोग्रामचा जो भाग वेगवान करता येत नाही, तोच अखेर एकूण वेगाची मर्यादा ठरवतो, असा या नियमाचा आशय आहे.

क्रे-१ चा स्पंद १२.५ नॅनोसेकंदांचा होता. त्याची कमाल क्षमता सेकंदाला १६ कोटी क्रिया इतकी होती. इंग्रजी सी अक्षरासारखा त्याचा गोलाकार आकार शोभेसाठी नव्हता. विद्युतसंकेताला तारेतून जाण्यास लागणारा वेळ वाचावा म्हणून सर्व जोडण्या आतल्या बाजूस घेतल्या होत्या आणि कोणतीही तार सुमारे चार फुटांपेक्षा लांब ठेवली नव्हती. उष्णता काढून घेण्यासाठी फ्रिऑन वायूवर चालणारी शीतन यंत्रणा होती.

स्मृतीच्या रचनेचा प्रोग्रामच्या वेगावर होणारा परिणाम क्रे-१ वर काम करणाऱ्यांना लवकरच उमगला. त्याची स्मृती १६ बँकांत विभागलेली होती आणि एकदा वापरलेली बँक पुन्हा उपलब्ध होण्यास चार स्पंद लागत. लागोपाठचे आकडे वाचले तर दर स्पंदाला एक आकडा मिळे. परंतु दर सोळावा आकडा हवा असेल, तर प्रत्येक खेप त्याच एका बँकेकडे जाई आणि वेग एक चतुर्थांशावर येई. म्हणून अनुभवी प्रोग्रामर ६४ ओळींच्या कोष्टकाला मुद्दाम ६५ ओळींची जागा देत. एक ओळ रिकामी राही, पण आकडे निरनिराळ्या बँकांत विखुरले जात आणि तेच गणित कितीतरी लवकर पूर्ण होई.

सामायिक स्मृती आणि अनेक प्रोसेसर

१९८० च्या सुमारास क्रे यांनी कंपनीच्या प्रमुखपदावरून बाजूला होऊन स्वतंत्र रचनाकार म्हणून क्रे-२ चे काम हाती घेतले. त्याच काळात कंपनीतील दुसऱ्या चमूने, स्टीव्ह चेन यांच्या नेतृत्वाखाली, क्रे-१ च्या रचनेवर आधारित क्रे एक्स-एमपी हा संगणक तयार केला. १९८२ मध्ये आलेल्या या संगणकात एकाच स्मृतीवर काम करणारे दोन प्रोसेसर होते. पुढे चार प्रोसेसरांचे रूपही आले. क्रे-१ मध्ये प्रोसेसर आणि स्मृती यांच्यामध्ये एकच मार्ग होता, तर एक्स-एमपीच्या प्रत्येक प्रोसेसरला चार मार्ग मिळाले. प्रोसेसरांनी एकमेकांना इशारा द्यावा यासाठी सामायिक रजिस्टरे आणि सेमाफोर यांचीही सोय होती.

चार प्रोसेसर लावले म्हणजे काम चौपट वेगाने होते, असे मात्र नाही. याची तीन प्रमुख कारणे आहेत. पहिले कारण ॲमडाल यांच्या नियमाचे आहे. प्रोग्रामचा दहावा भाग एकाच प्रोसेसरला करावा लागत असेल, तर चार प्रोसेसरांमुळे वेग सुमारे तिप्पटच होतो आणि प्रोसेसर कितीही वाढवले तरी तो दहापट होत नाही. दुसरे कारण स्मृतीतील गर्दीचे आहे. दोन प्रोसेसरांना एकाच वेळी एकच बँक हवी असेल, तर एकाला थांबावे लागते. तिसरे कारण एकमेकांसाठी थांबण्याचे आहे. मालवण किनाऱ्यावर रापण ओढताना दोराच्या दोन्ही टोकांना असलेल्या माणसांना एका लयीत ओढावे लागते. एक बाजू पुढे गेली, तरी दुसरी बाजू येईपर्यंत जाळे किनाऱ्याला लागत नाही. समांतर प्रोग्राममध्येही सर्व प्रोसेसरांचे काम पूर्ण झाल्याखेरीज पुढची पायरी सुरू करता येत नाही आणि सर्वांत मागे राहिलेल्या प्रोसेसरवर एकूण वेळ ठरतो.

या अडचणींवर उपाय म्हणून क्रे रिसर्चने कामाची वाटणी करण्याच्या पद्धती विकसित केल्या. आरंभी प्रोग्रामचे मोठे भाग निरनिराळ्या प्रोसेसरांना देत. त्यात वाटणी असमान होई. नंतर फॉरट्रान प्रोग्राममधील आवर्तने बारीक तुकड्यांत विभागून, जो प्रोसेसर मोकळा होईल त्याला पुढचा तुकडा देण्याची पद्धत आली. त्यासाठी प्रोग्रामर टिपणाच्या स्वरूपात सूचना लिहीत असे. ज्या संगणकाला त्या कळत नसत, तो त्यांकडे दुर्लक्ष करून तोच प्रोग्राम एका प्रोसेसरवर चालवू शके. त्यानंतर अशी वाटणी कंपायलर स्वतःच करू लागला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओपनएमपी या सर्वमान्य मानकातही टिपणासारख्या सूचनांची हीच रीत आहे.

क्रे यांनी स्वतः रचलेला क्रे-२ हा १९८५ मध्ये आला. त्यात चार प्रोसेसर आणि त्यांच्यावर देखरेख करणारा एक स्वतंत्र प्रोसेसर होता. त्याची कमाल क्षमता सेकंदाला सुमारे १९० कोटी क्रिया होती. संपूर्ण यंत्र फ्लोरिनर्ट या विद्युतरोधक द्रवात बुडवलेले असे. त्याची स्मृती २५ कोटींहून अधिक शब्दांची होती. इतकी मोठी स्मृती तोवर कोणत्याही संगणकाला मिळाली नव्हती. परंतु ती मोठी असली तरी संथ होती. ४.१ नॅनोसेकंदांच्या स्पंदाने चालणाऱ्या प्रोसेसरांना तिची बराच काळ वाट पाहावी लागे. ज्या गणितांना अवाढव्य स्मृती लागे, तेथे क्रे-२ ला तोड नव्हती. इतर अनेक कामांत मात्र एक्स-एमपी त्याच्या बरोबरीने किंवा त्याहून चांगला चाले. आयुष्यभर स्मृतीच्या वेगाची काळजी वाहणाऱ्या रचनाकाराच्या यंत्रातच ही उणीव राहून गेली.

उत्तरकाळ

क्रे-३ साठी त्यांनी सिलिकॉनऐवजी गॅलियम आर्सेनाइडच्या चिप वापरण्याचे ठरवले. त्या अधिक वेगवान होत्या, पण त्या बनवण्याचे तंत्र तेव्हा पुरेसे रुळलेले नव्हते. खर्च वाढत गेल्याने १९८९ मध्ये हे काम क्रे कॉम्प्युटर कॉर्पोरेशन या वेगळ्या कंपनीकडे देण्यात आले. तिचे ठिकाण कॉलोराडो स्प्रिंग्ज होते. १९९१ च्या अखेरीस लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने आपली मागणी रद्द केली. शीतयुद्ध संपल्यामुळे अशा यंत्रांवरील सरकारी खर्चही आटला होता. १९९३ मध्ये एक क्रे-३ राष्ट्रीय वातावरणीय संशोधन केंद्रात बसवण्यात आला. त्यापलीकडे ग्राहक मिळाला नाही आणि मार्च १९९५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

या काळात संगणकजगतात दुसरा विचार बळावत होता. थोड्या पण अतिशय शक्तिशाली प्रोसेसरांऐवजी शेकडो स्वस्त मायक्रोप्रोसेसर जोडावेत, असा तो विचार होता. क्रे यांचा त्यावर दीर्घकाळ विश्वास नव्हता. असंख्य लहान प्रोसेसरांमध्ये काम वाटणे आणि त्यांना एकमेकांशी बोलते ठेवणे, यातच वेळ जाईल असे त्यांचे मत होते. मात्र १९९६ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षात, त्यांनी एसआरसी कॉम्प्युटर्स ही नवी कंपनी काढून अनेक प्रोसेसरांच्या यंत्राचे काम सुरू केले. प्रोसेसर आणि स्मृती यांच्यातील दळणवळण सुधारण्यावर त्यात भर होता.

ते काम त्यांच्या हातून पूर्ण झाले नाही. २२ सप्टेंबर १९९६ रोजी कॉलोराडो स्प्रिंग्ज येथे महामार्गावर त्यांच्या वाहनाला अपघात झाला. त्यात गंभीर जखमी झालेल्या क्रे यांचे ५ ऑक्टोबर १९९६ रोजी निधन झाले.

स्वभाव आणि कार्यपद्धती

क्रे प्रसिद्धीपासून दूर राहत. भाषणे आणि मुलाखती ते क्वचितच देत. कागद आणि पेन्सिल ही त्यांची रचनेची मुख्य साधने होती. लहान चमू, साधी रचना आणि कमीत कमी प्रकारचे भाग यांवर त्यांचा कटाक्ष असे. क्रे-१ मध्ये केवळ चार प्रकारच्या चिप वापरल्या होत्या. आधीच्या यंत्राला डागडुजी करण्यापेक्षा कोऱ्या कागदावर आरंभ करणे ते पसंत करीत. घराखाली भुयार खोदणे हा त्यांचा छंद होता आणि अडलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांना तेथे सुचत, अशी आख्यायिका आहे.

भारताशी संबंध

मोसमी पावसाच्या अंदाजासाठी १९८० च्या दशकात भारताला महासंगणक हवा होता. अमेरिकेच्या निर्यात-नियंत्रणामुळे दीर्घ वाटाघाटी कराव्या लागल्या. अखेर भारताला एकच प्रोसेसर असलेला क्रे एक्स-एमपी/१४ मिळाला. अनेक प्रोसेसर एकाच स्मृतीवर चालवणे हे एक्स-एमपीचे वैशिष्ट्य या रूपात नव्हतेच. दशकाच्या अखेरीस तो दिल्लीतील राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रात कार्यान्वित झाला. त्याचा वापर हवामानाच्या कामापुरता राहावा, अशीही अट होती.

या अनुभवातून स्वदेशी महासंगणक बांधण्याचा निर्णय झाला. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. क्रे यांच्या यंत्रांसाठी लागणारे अतिवेगवान भाग उपलब्ध नसल्याने परममध्ये ट्रान्सप्युटर नावाचे सहज मिळणारे प्रोसेसर जोडले होते. प्रत्येकाची स्मृती स्वतंत्र होती आणि ते संदेश पाठवून परस्परांशी संपर्क साधत. अशा रीतीने, क्रे यांना ज्या मार्गाबद्दल शंका होती, त्याच मार्गाने भारताने आपला पहिला महासंगणक उभा केला.

पुढे हे दोन्ही मार्ग एकत्र आले. २०१८ मध्ये पुण्याच्या पाषाण भागातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत प्रत्यूष हा महासंगणक सुरू झाला. तो क्रे कंपनीच्या एक्ससी४० मालिकेतील होता आणि त्याची क्षमता ४ पेटाफ्लॉप्स होती. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला १ वर १५ शून्ये इतक्या क्रिया होत. त्याच्या प्रत्येक नोडमधील ३६ गाभे एकच स्मृती वापरत, तर निरनिराळे नोड संदेशांद्वारे जोडलेले होते. या संस्थेत जागतिक अंदाजासाठी सुमारे १२ किलोमीटरच्या चौकटी वापरल्या गेल्या. सिंधुदुर्गाच्या सुमारे १२० किलोमीटर लांबीच्या किनाऱ्यावर अशा जेमतेम दहा चौकटी बसतात. चौकटीची बाजू निम्मी केली, तर नकाशावर चौकटींची संख्या चौपट होते आणि गणिताच्या वेळेच्या पायऱ्याही लहान कराव्या लागतात. सागराकडून येणारा पाऊस सह्याद्रीला अडताना एका तालुक्यात जास्त आणि शेजारच्या तालुक्यात कमी का पडतो, हे आधी कळायचे असेल, तर समांतर प्रोग्रामचा वेग वाढवावाच लागतो. २०२४ मध्ये पुण्याच्या या संस्थेत अर्क हा अधिक क्षमतेचा महासंगणक आला.

सन्मान आणि वारसा

क्रे यांना १९७२ मध्ये हॅरी गुड स्मृती पुरस्कार आणि १९८९ मध्ये एकर्ट-मॉकली पुरस्कार मिळाला. त्यांच्या निधनानंतर आयईईई कॉम्प्युटर सोसायटीने संगणक अभियांत्रिकीसाठी त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला. क्रे रिसर्च ही कंपनी १९९६ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सने विकत घेतली. पुढे मालकी बदलत गेली, तरी क्रे हे नाव टिकून राहिले. २०१९ पासून ते ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझकडे आहे.

आज साध्या भ्रमणध्वनीतही एकाच स्मृतीवर काम करणारे अनेक गाभे असतात. चार प्रोसेसरांच्या महासंगणकावर जे प्रश्न मोजक्या तज्ज्ञांना पडत, ते आता प्रत्येक प्रोग्रामरसमोर येतात. आकडा कोठे ठेवला आहे, तो किती वेळा आणावा लागतो, कोण कोणासाठी थांबले आहे आणि प्रोग्रामचा कोणता भाग एकट्यानेच करावा लागतो, याचा हिशेब मांडल्याखेरीज समांतर प्रोग्राम वेगवान होत नाही. क्रे यांच्या यंत्रांच्या अभ्यासाचे महत्त्व त्यामुळे आजही कायम आहे.